कुंडली सोडली, आता रक्त तपासू या

थंडी पडली की वस्तीतले एखादे पोर गुडघे धरून रडू लागते. हातपाय ठणकतात, डोळे पिवळे दिसतात. कुणी म्हणते वात, कुणी म्हणते नजर लागली. इंजेक्शनवाला येतो, सलाईन लावतो आणि दोन दिवसांची मजुरी घेऊन जातो. महिन्याभरात पुन्हा तेच. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत अशा दुखण्यामागे सिकलसेल असू शकतो.

हा आदिवासींचा आजार, असे आपल्याकडे समजतात. पण विदर्भात तो पूर्वाश्रमीच्या महार समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो. केंद्र सरकारचे सिकलसेल अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. त्याचा भर आदिवासी भागावर आहे. म्हणून पथक येईल याची वाट पाहू नका. आशाताईला, प्राथमिक आरोग्य केंद्राला आपणच सांगा, आमच्या वस्तीत तपासणी घ्या.

रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथे कळा येतात. त्या लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी होते. हा आजार आईवडिलांकडून येतो; शिवल्याने, सोबत जेवल्याने होत नाही. ज्याला एकाच पालकाकडून हा दोष मिळाला तो वाहक. त्याला सहसा त्रास नसतो. पण नवराबायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. यात एकट्या सुनेला बोल लावणे अन्यायाचे आहे.

पहिली तपासणी बोटाच्या थेंबभर रक्तावर होते. त्यात दोष दिसला तर वाहक की रुग्ण, हे दुसऱ्या तपासणीत कळते. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. रोजचे औषधही महागडे नाही. फॉलिक ॲसिडची गोळी आणि डॉक्टरांनी सांगितल्यास हायड्रॉक्सियुरिया. या गोळीने कळा कमी होतात. मात्र ती रक्त तपासत घ्यायची असते आणि गरोदरपणात चालत नाही. लोहाच्या गोळ्याही विचारूनच घ्या.

घरी करायचे ते बिनपैशाचे आहे. भरपूर पाणी, थंडीत ऊबदार कपडे, उन्हात अति कष्ट नकोत. ताप, धाप, छातीत दुखणे किंवा पोट एकदम फुगणे, यांत रात्र काढू नका. १०८ला फोन करा.

गरिबाला खरा खर्च येतो तो बसभाड्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा. सिकलसेल रुग्णांना एसटी प्रवासात सवलत आहे. तिच्यासाठी लागणारा दाखला सरकारी दवाखान्यात मागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही हा आजार आहे. ही मेहरबानी नाही, हक्क आहे.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून आपण लग्नात कुंडली पाहणे सोडले. आता लग्न ठरवण्याआधी मुलामुलीचे रक्त तपासू. दोघे वाहक निघाले तरी लग्न मोडायलाच हवे असे नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. प्रत्येक बुद्धविहारात वर्षातून एक दिवस तपासणीचे शिबिर ठेवता येईल. महिला मंडळाने एक अर्ज आरोग्य केंद्रात द्यावा, आणि त्याची पोच जरूर घ्यावी.