साठवण-चालकांच्या चाचण्या : पूर्वसिद्धता आणि निरवानिरव

माहिती चकतीवर, संगणकाच्या स्मृतीत किंवा दूरस्थ साठवण-सेवेत ठेवणाऱ्या आणि मागताच परत आणून देणाऱ्या आज्ञावलीस ‘स्टोरेज ड्रायव्हर’, म्हणजेच साठवण-चालक म्हणतात. चालक कोणताही असो, त्याचा करार एकच असतो : जे लिहिले तेच वाचता यावे आणि जे पुसले ते पुन्हा दिसू नये. म्हणून सर्व चालकांना एकाच चाचणी-संचातून पार पडावे लागते. ‘डॉकर’च्या प्रतिमा साठविणाऱ्या ‘डिस्ट्रिब्यूशन’ या प्रकल्पात असा सामाईक संच आहे.

प्रत्येक चाचणीस आधी जागा सिद्ध करावी लागते आणि शेवटी ती मोकळी करावी लागते. या दोन कामांना स्वतंत्र स्थान देण्याची प्रथा केंट बेक यांच्या ‘एस-युनिट’ने, आणि पुढे त्यांनी एरिक गामा यांच्यासह रचलेल्या ‘जे-युनिट’ने रूढ केली. तथापि चाचण्या वाढत गेल्या की त्याच ओळी ठिकठिकाणी उतरविल्या जातात; एका ठिकाणी केलेली दुरुस्ती दुसरीकडे राहून जाते. पुनर्रचनेची गरज येथे निर्माण होते. विल्यम ऑपडाइक यांचा १९९२ मधील प्रबंध आणि मार्टिन फाउलर यांचा १९९९ मधील ग्रंथ यांमुळे ‘रिफॅक्टरिंग’ ही संज्ञा स्थिर झाली. बाह्य वर्तन न बदलता अंतर्गत रचना सुधारणे, हा तिचा अर्थ.

भिलाईतील रुआबांधासारख्या, पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या वस्तीत पाळी बदलण्याचा अर्थ कोणास समजावून द्यावा लागत नाही. पाळी सुरळीत गेली असो वा बिघाडाची, पुढच्या पाळीच्या हाती यंत्र नीट सोपवावेच लागते. चाचणीचेही तसेच आहे. निरवानिरवीची खरी कसोटी यशस्वी चाचणीत नसून मध्येच फसलेल्या चाचणीत लागते.

नेमकी येथेच जुनी रचना उणी पडते. पायथन भाषेच्या ‘युनिटटेस्ट’मध्ये पूर्वसिद्धता अर्ध्यावर फसली, तर ‘टेअरडाउन’ चालतच नाही. तोवर निर्माण झालेल्या फायली तशाच उरतात. यावर उपाय असा, की वस्तू हाती येताच तिची निरवानिरव तेथेच नोंदवावी. पायथनमधील ‘अ‍ॅडक्लीनअप’ आणि गो भाषेच्या १.१४ या आवृत्तीत २०२० साली आलेले ‘क्लीनअप’ हेच करतात. नोंदविलेली कामे उलट्या क्रमाने होतात. शेवटी उघडलेले प्रथम मिटते. त्यामुळे सामाईक साहाय्यक-कार्य जागा सिद्ध करते आणि ती मोकळी करण्याची हमीही स्वतःच देते.

साठवणीच्या बाबतीत आणखी दोन पथ्ये आवश्यक ठरतात. पहिले, प्रत्येक चाचणीस स्वतःचा वेगळा नामपूर्वांश द्यावा. अ‍ॅमेझॉनच्या ‘एस-३’ सेवेत डिसेंबर २०२० पर्यंत पुसलेली वस्तू काही काळ यादीत दिसू शकत असे. सामाईक जागेत एका चाचणीचे असे अवशेष दुसरीचा निकाल बिघडवीत. दुसरे, पुसण्याची आज्ञा त्या पूर्वांशापुरतीच मर्यादित असावी, आणि पूर्वांश रिकामा असल्यास ती नाकारली जावी. अन्यथा चाचणीची आवराआवर संपूर्ण साठाच रिता करील. शिवाय अपुरे राहिलेले खंडशः लेखन वस्तूंच्या नेहमीच्या यादीत येत नाही, मात्र त्याचे शुल्क चालूच राहते. ते वेगळे रद्द करावे लागते.

चाचण्यांची पुनर्रचना एका कारणाने अधिक जोखमीची असते : चाचण्यांवर दुसऱ्या चाचण्या नसतात. तपासणी चुकून गळाली तरी निकाल ‘उत्तीर्ण’ असाच येतो. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, आणि त्यानंतर चालकात मुद्दाम दोष घालून चाचणी अनुत्तीर्ण होते की नाही हे पाहावे. तसेच जे चाचणीचे प्रयोजन आहे, उदाहरणार्थ लिहावयाचा मजकूर आणि अपेक्षित उत्तर, ते साहाय्यक-कार्यात लपवू नये. ते चाचणीतच वाचता आले पाहिजे. गणित चुकले तर ते पुन्हा मांडता येते, परंतु साठवणीत हरवलेला मजकूर पुन्हा लिहिणारा कोणी असेलच असे नाही. त्यामुळे ओळी किती कमी झाल्या यापेक्षा, फसलेली चाचणी आपल्यामागे काय ठेवून जाते, यावरून पुनर्रचनेचे मोल ठरते.