बूट फाटला? खिसा सांभाळा!

एसयूव्ही घेताना आपण काय काय बघतो? सनरूफ, टचस्क्रीन, ग्राउंड क्लिअरन्स, झालंच तर शेजाऱ्यांच्या गाडीपेक्षा आपली किती उंच! पण पुढच्या चाकांच्या मागे, अंधारात, पेटीच्या भात्यासारखं घड्या घडयांचं एक काळं रबरी आवरण असतं. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. गॅरेजच्या भाषेत हा 'अ‍ॅक्सल बूट'. किंमत काही शेकड्यांत. पण तो फाटला आणि तुम्ही दुर्लक्ष केलंत, तर बिल थेट हजारांत जातं. म्हणूनच हा लेख.

फंडा काय आहे?

फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत गिअरबॉक्समधून दोन दांडे निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. हे ड्राइव्ह शाफ्ट. यांचं काम मोठं अवघड. चाक वळतं, खड्ड्यात आपटतं, वर-खाली होतं, तरी ताकद एकसारख्या वेगाने पोहोचली पाहिजे. ते जमवतो दांड्याच्या दोन्ही टोकांचा सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट. चाकाकडच्या सांध्यात सहसा सहा पोलादी गोळ्या असतात, गिअरबॉक्सकडच्यात बहुतेक वेळा तीन रोलर. हे सगळं ग्रीसमध्ये बुडून काम करतं. ग्रीस आत आणि धूळ-पाणी बाहेर ठेवणं, एवढंच बुटाचं काम. दोन शाफ्ट, चार सांधे, चार बूट. हिशेब सोपा.

गोळ्यांच्या या सांध्याचं डिझाइन १९२०च्या दशकातलं. १९५९च्या ब्रिटिश मिनीने ते छोट्या गाड्यांत लोकप्रिय केलं आणि आपल्याकडे १९८३ साली आलेल्या मारुती ८००ने फ्रंट व्हील ड्राइव्ह घरोघरी नेली. आजच्या क्रेटासारख्या गाड्यांतही हीच भानगड आहे. बोलेरो किंवा स्कॉर्पिओच्या टू-व्हील ड्राइव्ह गाड्यांत मात्र ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळे पुढे हे बूट नसतातच. कुणी तुमच्या तशा गाडीचा 'पुढचा अ‍ॅक्सल बूट' बदलायला निघालं, तर आधी गाडीखाली वाकून बघा!

माझी केस

माझी गाडी नऊ वर्षांची. मे महिन्यात, ताम्हिणीमार्गे कोकणात जायच्या आधी, मी चाकं तपासत होते. उजव्या रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले. शाफ्ट फिरतो, तसं फाटक्या बुटातून ग्रीस गोल उडतं आणि रिमवर, ब्रेकच्या कॅलिपरवर जाऊन बसतं. ही पहिली खूण. दुसरी खूण आवाजाची. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना 'कट-कट-कट' ऐकू आलं, तर बाहेरचा सांधा झिजायला लागलाय. तिथवर पोहोचलात की नुसत्या बुटाने भागत नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. तिथल्या अ‍ॅडव्हायझरने दोन्ही बाजूंच्या अख्ख्या शाफ्टचं एस्टिमेट हातात ठेवलं. पाच आकडी!

"जॉइंट गेलाय हे कशावरून?" मी विचारलं.

"मॅडम, आम्ही नुसता बूट बदलत नाही. असेंब्लीच बदलतो."

एस्टिमेट पर्समध्ये घातलं आणि घराजवळच्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी मोकळ्या जागेत, काचा खाली करून, स्टिअरिंग आधी एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला वळवून गाडी हळूहळू फिरवली. आवाज नाही. मग फाटलेल्या जागेतून बोटावर थोडं ग्रीस काढलं.

"ताई, चोळून बघा. कचकच लागते का?"

नव्हती लागत. लोण्यासारखं मऊ होतं.

"मग सांधा चांगला आहे. पावसात नेली असती तर महिन्याभरात गेला असता. बूट बदला, बस्स."

डाव्या बुटालाही घड्यांमध्ये भेगा होत्या, आरपार नव्हत्या इतकंच. मी ठरवलं, उजवी बाजू मिस्त्री करतील आणि मी बघणार. डावी मी करणार. नाना पेठेतून दोन बूट किट आणली. चांगल्या किटमध्ये बूट, दोन क्लॅम्प, ग्रीसचं पाकीट आणि सर्कलिप असते. हबचं नवं नट वेगळं घेतलं, कारण ते पुन्हा वापरायचं नसतं.

उस्तादाचा हात

मिस्त्रींना दोन तास लागले. हब नट इम्पॅक्ट गनने क्षणात सुटलं. त्यांनी खालच्या आर्मचा बॉल जॉइंट मोकळा केला, नकल बाहेर ओढला, शाफ्टचं टोक हबमधून काढलं. जुने क्लॅम्प आणि बूट कापले, पितळी दांड्याने नेमका एकच ठोका मारला आणि सांधा शाफ्टवरून सुटला. सर्कलिपने धरलेला असतो, म्हणून ठोका. सांधा धुऊन त्यांनी उजेडात धरला. गोळ्यांवर, खाचांवर खड्डे नाहीत. खड्डे असते तर नवा बूट घालणं म्हणजे पैसे वाया. पाकिटातलं ग्रीस पूर्ण भरलं, बुटातली जादा हवा काढली आणि मगच क्लॅम्प दाबले. हवा कोंडली तर बूट फुगतो नाहीतर चिमटतो. हे पुस्तकात वाचून कळलं असतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळंच.

रविवार, पार्किंग आणि मी

डावी बाजू मी आणि माझ्या भावाने सोसायटीच्या पार्किंगमध्ये केली. सेक्रेटरी काकांना आधीच सांगितलं होतं, तरी ते तीनदा बघून गेले. तिसऱ्यांदा चहा घेऊन आले, हे मान्य करायला हवं.

सकाळी दहाला सुरुवात, संपलं साडेपाचला. सगळ्यात हट्टी निघालं ते हब नट. गाडी चारही चाकांवर उभी असतानाच, ब्रेक दाबून धरून ते ढिलं करायचं. भाऊ ब्रेकवर, मी लांब पाइप लावलेल्या पान्यावर. मग बॉल जॉइंटने तासभर छळलं. शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढायचा नाही, हे मिस्त्रींनी बजावलं होतं. ऑइल सील दुखावतं, ऑइल गळतं. बाहेरचाच बूट होता, त्यामुळे गरजही नव्हती. सुटा झालेला कॅलिपर तारेने वर बांधला. तो ब्रेकच्या होजवर लोंबकळता कामा नये.

शेवटी टॉर्क रेंच. हब नट 'जोर लावून' घट्ट करायचं नसतं, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंतच आवळायचं. नट ढिलं असताना गाडी ढकललीत, तर व्हील बेअरिंगची वाट लागते.

मग स्वतः करायचं की नाही?

खरं सांगू? मजुरी वाचवण्यासाठी असेल तर नको. जॅक स्टॅण्ड, मोठा सॉकेट, टॉर्क रेंच, क्लॅम्पचा पक्कड, हे सगळं विकत घ्यायला गेलात तर मिस्त्रींच्या मजुरीच्या वर खर्च जातो. मित्रांकडे हत्यारं असतील, जागा सपाट असेल, एक रविवार हाताशी असेल आणि हात काळे करायची हौस असेल, तर जरूर करा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मात्र जाऊ नका. कधीच नाही.

आणि चिकटवायचे, मधून कापलेले 'स्प्लिट बूट' मिळतात, ते घरी पोहोचण्यापुरते ठीक. कायमचा इलाज नव्हे.

थोडक्यात चेकलिस्ट

• दर सर्व्हिसिंगला आणि पावसाळ्याआधी स्टिअरिंग पूर्ण वळवून, टॉर्चने बुटाच्या घड्या बघा. बोटाने घड्या उघडून भेगा शोधा.
• ग्रीस मऊ आणि आवाज नाही, तर बूट पुरतो. कचकच किंवा कट-कट असेल, तर सांधा किंवा शाफ्ट बदलायची तयारी ठेवा.
• वळताना आवाज म्हणजे संशय बाहेरच्या सांध्यावर. सरळ रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर थरथर असेल, तर आतलाही तपासा.
• काम करताना स्ट्रटचे बोल्ट सोडले असतील, तर व्हील अलाइनमेंट करून घ्या.
• एस्टिमेट हातात आलं की एकच प्रश्न विचारा, "फाटलेला भाग दाखवता का?" आणि दाखवला नाही, तर दुसरं गॅरेज शोधा.

सांधा पार तुटला तर इंजिन सुरू, गिअर पडलेला, आणि गाडी जागची हलत नाही. घाटात, धुक्यात, मागे ट्रकची रांग असताना हे अनुभवायचं नसेल, तर या शनिवारी पाच मिनिटं काढा. टॉर्च घ्या, वाका आणि बघा.