वळणाचं पाणी

भर पावसात नाहूर स्थानकाच्या पुलावर उभं राहिलं, की पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर ढगात बुडालेला दिसतो. पूर्वेला इमारतींच्या आड ठाणे खाडी, तिवरं आणि मिठागरं. डोंगर ते खाडी अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर. डोंगरावरचं पाणी लालबहादूर शास्त्री मार्ग, रेल्वेचे रूळ आणि पूर्व द्रुतगती मार्ग यांच्या पोटातून खाडी गाठतं. त्या वाटेला आपण नाला म्हणतो. दोन्हीकडे काँक्रीटच्या भिंती, मधून सरळ रेषेत काळं पाणी. एकेकाळी हे ओढे होते.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला मिठी नदीचं हेच झालं, फक्त मोठ्या प्रमाणावर. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचं पाणी घेऊन ती सुमारे १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. विमानतळापाशी तिला काटकोनात वळायला लावलं. खाली तिच्या पाणथळ जमिनीवर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. वळणाचं पाणी वळणावर गेलं. नदीची जुनी जागा कुठली, हे त्या रात्री कुर्ला आणि कालिन्यातल्या तळमजल्यांना कळलं.

त्यानंतर मिठीसाठी प्राधिकरण आलं, माधवराव चितळे यांच्या समितीने अहवाल दिला, पात्र रुंद आणि खोल झालं, काठांवर संरक्षक भिंती चढल्या. रुंदीकरण हवंच होतं. पण भिंत बांधली की नदी सुरक्षित झाली, ही समजूत मला घातक वाटते.

वळणं काढली की नदीची लांबी घटते, उंचीतला फरक मात्र तेवढाच राहतो, म्हणजे उतार तीव्र होतो. त्यामुळे पाण्याचा वेग वाढतो. वेगवान पाणी डोंगरातली माती, राडारोडा ओढून आणतं आणि जिथे जमीन सपाट होते तिथे, म्हणजे नेमकं खालच्या पुलांखाली, टाकून देतं. दरवर्षी उन्हाळ्यात नालेसफाईला जो गाळ काढतो, त्यातला बराचसा असा आलेला असतो. शिवाय सगळं पाणी एकाच वेळी खाडीच्या तोंडाशी पोचतं. तिथे भरती असली तर ते पुढे सरकू शकत नाही, मागे फुगतं. वळणं, डोह, काठची सखल जमीन पाण्याला थोपवून धरतात, थोडं जमिनीत मुरवतात. सपाट किनारी शहराला हा उसंतीचा वेळच वाचवतो.

“एवढ्या दाट शहरात जागा कुठे?” हा प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर सिंगापूरमध्ये आहे. तिथलं शहर दाट, पाऊसही आपल्यासारखा धो-धो. बिशान उद्यानाच्या कडेने कल्लांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा जात होता. तो फोडून, उद्यानाची जमीन वापरून, २०१२ पर्यंत तिथे ३.२ किलोमीटरची नागमोडी नदी घडवली. काठ भिंतींऐवजी झाडांच्या मुळांनी, दगडांनी आणि गवताने बांधले. कालव्याचं फोडलेलं काँक्रीटही उद्यानातच वापरलं. एरवी तिथे मुलं पाण्यात पाय बुडवून बसतात. जोराचा पाऊस आला की नदी पसरते आणि उद्यान तेवढ्यापुरतं तिचं होतं.

आपल्याकडे दोन गोष्टी आधी लागतील. पात्रात सांडपाणी येत राहिलं तर वळणदार गटार तेवढं मिळेल. आणि काठावर राहणाऱ्या माणसांना जवळपास घर दिल्याशिवाय नदीला जागा देणं हा निव्वळ अन्याय ठरेल. मिठीची धावपट्टीखालची वाट आता बदलणार नाही, हेही उघड आहे. पण डोंगराच्या पायथ्याशी, मैदानांच्या आणि उद्यानांच्या कडेने जाणाऱ्या प्रत्येक ओढ्याला भिंतीत कोंडायलाच हवं, असं कुठे आहे?

भांडुप, नाहूर, मुलुंडच्या वाचकांना म्हणूनच एक विनंती. तुमच्या नाल्याच्या भिंतीचं काम निघालं, तर निविदा निघण्याआधी विभाग कार्यालयात जा आणि विचारा: तळ मातीचा ठेवता येईल का? जिथे शेजारी मोकळी जागा आहे, तिथे निदान एक काठ उतरता आणि झाडांचा ठेवता येईल का? उत्तर लेखी मागा.