1566 कडवी

हंगेरियन भाषेत एक महाकाव्य आहे. सर्ग 15, कडवी 1566. कडव्याच्या चार ओळी धरल्या तर 6,264 ओळी. ओळीला साधारण बारा अक्षरं, म्हणजे एकूण पाऊण लाखाच्या घरात. एवढा पसारा मांडून कवीनं कडव्यांचा आकडा नेमका एका सालावर आणून ठेवला. त्या साली त्याचे पणजोबा धारातीर्थी पडले होते.

घराणं झ्रिन्स्की, हंगेरियन लोक झ्रीन्यी म्हणतात. मूळचे हे क्रोएशियाचे शुबिच. 1347 मध्ये हंगेरीच्या राजानं त्यांचा ओस्त्रोवित्सा किल्ला घेऊन बदल्यात झ्रीन दिलं आणि गावाचं नाव घराण्याला चिकटलं.

1566 च्या ऑगस्टमध्ये सुलतान सुलेमान सिगेतवारच्या किल्ल्यासमोर येऊन बसला. आत कवीचे पणजोबा निकोला झ्रिन्स्की आणि सुमारे 2,300 क्रोएशियन व हंगेरियन शिपाई. बाहेर लाखावर फौज. एकास त्रेचाळीस! तरी किल्ला महिनाभराहून जास्त झुंजला. शेवटी निकोलानं दरवाजा उघडायला लावला आणि उरलेल्या माणसांनिशी तो शत्रूवर तुटून पडला. पण त्याच्या मरणाआधीच, तंबूत, 46 वर्षं राज्य केलेला सुलेमान वारला होता. वजीर सोकोलू मेहमेद पाशानं ही बातमी 48 दिवस दाबून ठेवली. हा वजीरही बोस्नियात जन्मलेला स्लावच. तटाच्या दोन्ही बाजूंना एकाच कुळातल्या भाषा बोलणारी माणसं होती, ही गोष्ट मला आकड्यांहून जास्त अस्वस्थ करते.

याच मोहिमेसाठी सुलेमाननं ओसियेकजवळ द्रावा नदी आणि तिच्या दलदलीवर 7-8 किलोमीटर लांबीचा लाकडी पूल बांधून घेतला होता. पुढे तुर्की फौजा त्यावरूनच हंगेरीत उतरत राहिल्या. 98 वर्षांनी, 1664 च्या कडाक्याच्या हिवाळ्यात, एका सेनापतीनं हिमातून धडक मारून तो जाळला. हा सेनापती म्हणजेच महाकाव्याचा कवी, पणतू निकोला. त्याच वर्षी शिकारीत रानडुकरानं त्याचा जीव घेतला.

धाकटा भाऊ पेतार यानं ते काव्य क्रोएशियनमध्ये आणलं. हॅब्सबर्ग सम्राटाविरुद्ध कट केल्याबद्दल 30 एप्रिल 1671 रोजी मेहुण्यासोबत त्याचा शिरच्छेद झाला. त्याची मुलगी इलोना हिनं 1685 ते 1688 मुनकाचचा किल्ला सम्राटाच्या फौजेविरुद्ध लढवला. पणतूचा मुलगा आदाम 1691 मध्ये तुर्कांशी लढताना गेला.

उरला पेतारचा मुलगा इवान. 20 वर्षं कैदेत काढून तो 1703 मध्ये ग्राझला वारला आणि 356 वर्षांचं हे नाव पुरुषवंशात संपलं. इलोनाही त्याच वर्षी तुर्कस्तानात, निर्वासित म्हणून गेली. आणि त्याच 1703 मध्ये तिचा मुलगा फेरेन्त्स राकोत्सी हंगेरीत सम्राटाविरुद्ध उभा राहिला. त्याचा लढा 8 वर्षं चालला.