साठ तास, पाच फेऱ्या आणि पुस्तकांची फाडलेली पानं

मागच्या आठवड्यात आठवीच्या वर्गात क्रीडास्पर्धांची चर्चा चालू होती. एका मुलीनं विचारलं, "सर, अशी शर्यत असते का, जिच्यात कुणीच पास होत नाही?" मी म्हटलं, असते. अमेरिकेत आहे. मग उरलेला तास त्यातच गेला. तेच थोडं नीट मांडून इथे देतोय.

टेनेसी राज्यात फ्रोझन हेड नावाचं डोंगराळ, दाट जंगलाचं उद्यान आहे. तिथे १९८६ पासून 'बार्कली मॅरेथॉन्स' होते. नावात मॅरेथॉन असलं तरी अंतर सुमारे १६० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ चार मॅरेथॉन. धावणारे सांगतात, प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त भरतं. साधारण ३२ किलोमीटरची एक फेरी, अशा पाच फेऱ्या, आणि वेळ साठ तास. म्हणजे अडीच दिवस, दोन रात्री आणि वर आणखी थोडं. सगळे चढ एकत्र केले तर सुमारे १८,००० मीटर होतात. मुलांना आकडा कळावा म्हणून फळ्यावर भागाकार केला. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर. समजा, समुद्रकाठावरून निघून कळसूबाईच्या माथ्यावर जायचं आणि पुन्हा खाली यायचं, असं अकरा वेळा! वर्गात एकदम शांतता.

या शर्यतीची कल्पना सुचली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाबद्दल शिक्षा झालेला जेम्स अर्ल रे जवळच्याच ब्रशी माउंटन तुरुंगात होता. जून १९७७ मध्ये तो पळाला. चोपन्न तासांनंतर सापडला, तेव्हा तुरुंगापासून जेमतेम बारा-तेरा किलोमीटर अंतरावर होता. गॅरी कॅन्ट्रेल या धावपटूनं ते ऐकलं आणि थट्टेत म्हटलं, एवढ्या वेळात मी शंभर मैल गेलो असतो. हेच कॅन्ट्रेल पुढे 'लॅझरस लेक' या नावाने शर्यतीचे कर्तेधर्ते झाले. आता धावणाऱ्यांना त्या तुरुंगाखालच्या बोगद्यातूनही जावं लागतं.

नियम वाचले की हसू येतं. प्रवेश फी एक डॉलर साठ सेंट. पहिल्यांदा येणाऱ्याने आपल्या गावाकडची गाडीची नंबरप्लेट भेट आणायची. सुरुवात नक्की किती वाजता, ते कुणालाच सांगत नाहीत. मध्यरात्र ते दुपार यांच्यामध्ये केव्हातरी शंख वाजतो. हो, आपल्या देवघरात असतो तसाच शंख! शंख वाजल्यावर बरोबर तासाभराने लॅझरस एका पिवळ्या फाटकापाशी सिगारेट पेटवतात, आणि तीच सुरुवात. (सिगारेटवरून मुलं हसली. त्यावर माझं वेगळं व्याख्यान झालं, ते जाऊ द्या.)

वाटेवर खुणा नाहीत, रस्ता दाखवणारा मोबाइल चालत नाही. आदल्या दिवशी मूळ नकाशा पाहून आपल्या नकाशावर मार्ग उतरवून घ्यायचा. मग नकाशा, होकायंत्र आणि डोकं. वाटेत ठिकठिकाणी जुनी पुस्तकं लपवलेली असतात. आपल्या छातीवरच्या क्रमांकाचं पान फाडून आणायचं, म्हणजे तिथं गेल्याचा पुरावा. दर फेरीला क्रमांक बदलतो. फेऱ्यांची दिशाही बदलते, त्यामुळे पाठ केलेली वाट उलटी चालावी लागते. भूगोलाच्या शिक्षकांनी समोच्च रेषा शिकवताना हे जरूर सांगावं. नकाशा वाचता येणं म्हणजे काय, ते लगेच पटतं.

सगळ्यात घात करते ती झोप. एका फेरीला सरासरी बारा तास, त्यात झोपायचं कधी? दोन रात्री जागलेला मेंदू नसलेल्या गोष्टी दाखवू लागतो. बेल्जियमचे दंतवैद्य कॅरेल सॅबे २०२२ मध्ये चौथ्या फेरीत वाट चुकून जवळच्या गावात पोहोचले. समोर उभ्या माणसाला त्यांनी रस्ता विचारला, तर ती निघाली कचरापेटी! शेवटी पोलिसांनी त्यांना परत आणून सोडलं. पुढच्याच वर्षी तेच गृहस्थ साठ तासांना साडेसहा मिनिटं बाकी असताना शर्यत पूर्ण करून गेले.

दरवर्षी साधारण चाळीस जणच घेतात. तरी २०२४ पर्यंत फक्त वीस जणांनी पाचही फेऱ्या वेळेत पुऱ्या केल्या. २०१७ नंतर थेट २०२३ पर्यंत एकालाही जमलं नाही. बाई म्हणून हे पहिल्यांदा केलं ते ब्रिटनच्या जास्मिन पॅरिस यांनी. या पशुवैद्य आहेत, दोन मुलांच्या आई आहेत. २०२२ मध्ये त्यांच्या तीन फेऱ्या झाल्या, २०२३ मध्ये त्या चौथ्या फेरीपर्यंत गेल्या आणि २०२४ मध्ये पाचही. वेळ ५९ तास ५८ मिनिटं २१ सेकंद. उरले होते ९९ सेकंद. फाटकाला हात लावला आणि त्या तिथंच खाली कोसळल्या.

पण वर्गात खरी वादावादी झाली ती गॅरी रॉबिन्स यांच्यावरून. २०१७ मध्ये पाचव्या फेरीतली सगळी पानं त्यांच्या हातात होती. शेवटी धुक्यात वाट चुकली, नदी ओलांडून ते चुकीच्या बाजूने फाटकापाशी आले, तेही साठ तासांना सहा सेकंद उलटून गेल्यावर. लॅझरस यांनी सांगितलं की प्रश्न सहा सेकंदांचा नाहीच, शेवटचा तुकडा ठरल्या वाटेने झालेला नाही. वेळेत आले असते तरी फेरी धरली नसती.

"सर, हे अन्यायाचं आहे," मागच्या बाकावरून आवाज आला. दुसरा म्हणाला, "मग पानं कशाला फाडायला लावता?" अर्धा वर्ग रॉबिन्सच्या बाजूने, अर्धा नियमाच्या. मला स्वतःला नियम बरोबर वाटतो, पण मी ते बोललो नाही. घंटा झाली. ज्या मुलीनं पहिला प्रश्न विचारला होता, ती जाताना थांबली आणि म्हणाली, "पण सर, ते चुकले नसते तर सहा सेकंदही उशीर झाला नसता ना?" उद्याच्या तासाला तिथूनच सुरुवात करणार आहे.