एकट्याने कार्यक्रम करणाऱ्याने कीबोर्ड कोणता घ्यावा?

लग्न, साखरपुडा किंवा हॉटेलातील संध्याकाळ, अशा ठिकाणी पाच-सहा वादकांचा ताफा परवडत नाही, तेव्हा एकच माणूस कीबोर्ड वाजवून गातो. या धंद्यात बिदागी वाटून घ्यावी लागत नाही. पण वाद्य कमी पडले तर सावरून घ्यायला शेजारी कोणी नसते.

मुंबईत धोबी तलावला जा किंवा आपल्या गावच्या दुकानात, विक्रेता प्रथम आवाजांची संख्या सांगतो. तिला भुलू नये. कार्यक्रमात वीस-पंचवीस आवाजांपलीकडे सहसा कोणी जात नाही. एकट्या कलाकाराला हवा तो 'अरेंजर' जातीचा कीबोर्ड. डाव्या हाताने कॉर्ड धरला की ड्रम, बेस, गिटारची साथ यंत्र देते आणि उजवा हात चालीसाठी मोकळा राहतो. तयार साथीच्या या ठेक्यांना 'स्टाइल' म्हणतात. सिंथेसायझर आवाजाने सरस असला तरी बहुतेकांत ही सोय नसते. ते ताफ्यात वाजवणाऱ्याचे वाद्य. स्टाइलमध्ये आठ मात्रांचा केरवा आणि सहा मात्रांचा दादरा वाजवून पाहावा. वॉल्ट्झवर दादऱ्याची तहान भागत नाही.

यामाहाची दोन यंत्रे उदाहरणादाखल घेऊ: २०२० साली आलेले पीएसआर-ई३७३ आणि २०२२ सालचे ई४७३. दोन्ही ६१ कीजची, बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहानमोठा करणारी. पहिल्यात एका वेळी ४८ स्वर निघतात, दुसऱ्यात ६४. माहितीपत्रकात याला 'पॉलिफोनी' म्हणतात. साथीचे ड्रम-बेसही याच शिलकीतून स्वर उचलतात. शिलक संपली की आधीचे स्वर मध्येच तुटतात. पहिल्याला पिच बेंडचे चाक नाही, म्हणजे मींड घेता येत नाही. दुसऱ्याला ते आहे, शिवाय माइकची जागा आणि डाव्या-उजव्या आवाजाचे वेगळे आउटपुट. शिकायला पहिले पुरे. पण पैसे घेऊन वाजवायचे तर तेथे काटकसर नको.

ट्रान्सपोजचे बटण हाताशी असावे. पाहुण्यांपैकी कोणी गायला उठतो आणि त्याची पट्टी काळी एक की पांढरी पाच, हे तो गाऊ लागल्यावरच कळते!

अडॅप्टर मात्र दोन ठेवावेत. आमच्या ओळखीच्या एका वादकाचा अडॅप्टर ऐन कार्यक्रमात गेला. मंडपवाल्याने दुसरा आणून दिला, पिन बसलीही, पण यंत्र चालू होईना. व्होल्टेज वेगळे असते, कधी धन-ऋण टोकही उलटे असते. अशाने यंत्र जळूही शकते. त्या रात्री बयाणा परत करावा लागला.

खरेदीला जाताना आपला माइक आणि रोजची दहा गाणी बरोबर न्यावीत. दुकानदाराच्या तयार डेमोवर सौदा करू नये. दोन गाणी सलग, मध्ये न थांबता, ठेका बदलून स्वतः वाजवून पाहावीत.