‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’चा नवा पाठ

‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ हा जपानी व्हिडिओ गेम स्क्वेअर या कंपनीने २० जून १९९७ रोजी प्लेस्टेशनसाठी बाजारात आणला. अठ्ठावीस वर्षांनी, ३० सप्टेंबर २०२५ रोजी, स्क्वेअर एनिक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच कंपनीने ‘द इवॅलिस क्रॉनिकल्स’ असे उपनाव देऊन त्याची नवी आवृत्ती काढली. ती प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डो स्विच आणि संगणक यांवर चालते. नव्या आवृत्तीविषयी खेळाडूंची मते एकसारखी नाहीत. त्या मतभेदांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : जुनी कलाकृती नव्या पिढीच्या हाती देताना तिच्यातले काय जपायचे आणि काय बदलायचे?

हा गेम रोल प्लेइंग प्रकारातला आहे. या प्रकारात खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेतो, सोबती जमवतो, लढाया करतो आणि कादंबरीइतकी लांब कथा कित्येक आठवडे पुरवून खेळतो. ‘टॅक्टिक्स’ची कथा इवॅलिस नावाच्या काल्पनिक राज्यात घडते. राजा मरण पावतो, वारस तान्हा असतो आणि त्याच्या नावाने कारभार कोणी करायचा यावरून लार्ग आणि गोल्टाना या दोन सरदारांत युद्ध पेटते. पंधराव्या शतकात इंग्लंडमध्ये राजघराण्याच्या दोन शाखा सिंहासनासाठी लढल्या, त्या इतिहासाची छाया या कथेवर आहे. भाऊबंदकी, अज्ञान राजपुत्र आणि त्याच्या आडून चालणारे राजकारण मराठी वाचकाला नवे नाही.

रामझा बिओल्व्ह हा उमराव घराण्यातला मुलगा आणि डेलिटा हा त्याच घरात वाढलेला सामान्य घरचा मुलगा ही कथेतली दोन मुख्य पात्रे. डेलिटाच्या बहिणीचा जीव वरच्या वर्गाला कवडीमोल वाटतो आणि तिथून दोघांच्या वाटा फुटतात. सगळी कथा पुढच्या काळातला एक इतिहासकार सांगतो. लोकांनी वीर मानलेला डेलिटा आणि धर्मसंस्थेने पाखंडी ठरवलेला रामझा यांच्याविषयीचे दडपलेले कागद त्याच्या हाती लागलेले असतात. लेखक-दिग्दर्शक यासुमी मात्सुनो यांनी जन्माने ठरणारी प्रतिष्ठा आणि सत्तेने लिहिलेला इतिहास हे विषय गेममध्ये ज्या गांभीर्याने आणले, ते १९९७ साली या माध्यमात दुर्मीळ होते. हितोशी साकिमोतो आणि मासाहारु इवाता यांचे संगीत आणि अकिहिको योशिदा यांनी काढलेली पात्रे यांचाही त्याच्या कीर्तीत मोठा वाटा आहे.

लढाया चौकटींच्या पटावर होतात, पण पट सपाट नसतो. छप्पर, उतार, पायऱ्या, पाणी यांचा हिशेब ठेवावा लागतो. उंचावरच्या तिरंदाजाचा बाण लांब जातो, मागून केलेला वार लागण्याची शक्यता वाढते. प्रत्येक पात्राला सुमारे वीस व्यवसायांतून एक निवडता येतो, आणि एका व्यवसायात शिकलेले कसब दुसऱ्यात वापरता येते. वैद्यकी शिकलेला योद्धा किंवा चोरी शिकलेला जादूगार असे मिश्रण खेळाडू स्वतः घडवतो. पडलेल्या सोबत्याच्या डोक्यावर तीनपासून उलटी मोजणी सुरू होते आणि ती संपण्याआधी त्याला उठवले नाही तर तो कायमचा जातो. या शेवटच्या नियमामुळे पटावरची प्यादी खेळाडूला माणसांसारखी वाटू लागतात, आणि इतकी वर्षे लोक या गेमला का धरून राहिले याचे बरेचसे उत्तर त्यात आहे.

जुन्या गेमच्या पुनरागमनाचे साधारण तीन प्रकार असतात. जुना गेम फारसा न बदलता नव्या यंत्रावर चालवला की त्याला पोर्ट म्हणतात. गाभा तोच ठेवून चित्र, आवाज आणि सोयी सुधारल्या की रिमास्टर. सगळे पायापासून नव्याने रचले की रीमेक, जसा २०२० साली आलेला ‘फायनल फँटसी ७ रीमेक’. ‘द इवॅलिस क्रॉनिकल्स’ वरवर पाहता रिमास्टर आहे, पण त्यामागचे काम रीमेकच्या जवळ जाणारे आहे, कारण मूळ गेमचा सोर्स कोड कंपनीकडे उरलाच नव्हता.

सोर्स कोड म्हणजे माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेल्या सूचना. त्या यंत्राच्या भाषेत रूपांतरित होऊन डिस्कवर जातात, आणि डिस्कवरून मूळ सूचना जशाच्या तशा परत मिळत नाहीत. त्या काळी जपानी गेमची इंग्रजी आवृत्ती करताना जुन्या फाइलींवरच नवे काम चढवण्याची पद्धत होती. जुने जपून ठेवावे, उद्या ते लागेल, असा विचार फारसा होत नसे. ‘किंगडम हार्ट्स’ या दुसऱ्या प्रसिद्ध गेमवरही हीच वेळ आली होती. ‘टॅक्टिक्स’चे नवे दिग्दर्शक काझुतोयो माएहिरो यांनी मूळ गेमवरही काम केले होते. त्यांच्या चमूने जुना गेम पुन्हापुन्हा खेळून, त्याचे वर्तन तपासून नवा कोड लिहिला. चाहत्यांनी वर्षानुवर्षे गोळा केलेली माहितीही या कामी आली, हे माएहिरो यांनी उघडपणे सांगितले आहे. खेळाडूंनी हौसेखातर केलेल्या नोंदी अखेर निर्मात्यांनाच उपयोगी पडल्या, ही या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

वऱ्हाडच्या वाचकाला याचे नाते घराजवळ सापडेल. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. चक्रधरस्वामींच्या आठवणी ठिकठिकाणी जाऊन, माणसांना विचारून त्यांनी जमवल्या होत्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि महानुभाव अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. स्मरण अनेकांचे होते, म्हणून पाठही अनेक झाले. डॉ. वि. भि. कोलते यांनी १९७८ साली संपादित आवृत्ती काढली, तेव्हा त्यांना या पाठभेदांतूनच वाट काढावी लागली. एक धर्मग्रंथ आहे आणि दुसरा खेळ, त्यांची योग्यता एक नाही. तरी मूळ प्रत हरवली की रचना तिच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या आठवणीत जगते आणि त्या आठवणींत एकवाक्यता नसते, हे दोन्हीकडे खरे आहे. ‘टॅक्टिक्स’विषयीचे मतभेद पाठभेदांसारखे पाहिले तर नीट उलगडतात.

या गेमचे मुख्य पाठ तीन. पहिला १९९७चा, ज्याचे इंग्रजी भाषांतर अनेक ठिकाणी अडखळणारे होते. दुसरा २००७ साली पीएसपी या हातातल्या यंत्रावर आलेला ‘द वॉर ऑफ द लायन्स’. त्यात शेक्सपिअरच्या काळाची आठवण देणारे भारदस्त इंग्रजी, नवी चलचित्रे, दोन नवे व्यवसाय, इतर गेममधून आलेली दोन पात्रे आणि काही जादा प्रसंग होते. मात्र जादूचे परिणाम दिसताना गेम मंदावत असे, ही त्याच्याविषयीची कायमची तक्रार. युरोपात १९९७ची आवृत्ती विकलीच गेली नव्हती, त्यामुळे तिथे गेम प्रथम पोचला तो याच रूपात. पुढे तो आयफोन आणि अँड्रॉइडवरही आला. तिसरा पाठ २०२५चा, आणि तो स्वतःच दोन भागांत आहे. ‘एन्हान्स्ड’मध्ये संवादांना पूर्ण आवाज, सुधारलेली चित्रे आणि नव्या सोयी आहेत. ‘क्लासिक’मध्ये जुनी चित्रे आणि जुनी रचना आहे.

सर्वाधिक कौतुक आवाजाचे झाले. मात्सुनो यांनी संवाद स्वतः पुन्हा हाताळले. जे प्रसंग पूर्वी केवळ वाचायचे होते ते आता नाटकासारखे उभे राहतात. रामझा आणि डेलिटा यांच्यातली दरी नटांच्या आवाजात अधिक कळते, असे जुने खेळाडूही मान्य करतात. दुसरे कौतुक सोयींचे आहे. कोणाची पाळी केव्हा येणार याची यादी सतत डोळ्यांसमोर राहते, पट वरून पाहता येतो, प्रसंग वेगाने पुढे नेता येतो, गेम आपोआप सेव्ह होतो आणि काठिण्याचे तीन स्तर आहेत.

शेवटच्या दोन सोयींचे महत्त्व रिओव्हानेस किल्ल्याचा प्रसंग माहीत असलेल्यालाच पुरते कळेल. तिथे लढाया सलग येतात, आणि त्यातल्या एकीत रामझाला विग्राफ या कसलेल्या योद्ध्याशी एकट्याने लढावे लागते. जुन्या गेममध्ये मधल्या टप्प्यावर एकाच जागी सेव्ह केले आणि रामझाची तयारी अपुरी असली, तर ना पुढे जाता येई ना मागे. कित्येक तासांची मेहनत तिथे बुडत असे आणि अनेकांनी गेम तिथेच सोडला. या अडकण्यातही एक धार होती, असे म्हणणारे जुने खेळाडू आहेत. हे मत पटत नाही. लढाई अवघड असणे हा रचनेचा गुण आहे, परतीचा दरवाजा बंद होणे हा दोष. नव्या आवृत्तीने अडचण राखून दोष काढला, हे योग्यच झाले.

नाराजीची कारणे वेगळी आहेत. ‘एन्हान्स्ड’मधली चित्रे गुळगुळीत केल्याने जुन्या ठिपक्यांचा रेखीवपणा हरवला, असे काहींना वाटते. ‘क्लासिक’मधला मजकूर २००७च्या भाषांतराचा आहे. ज्यांच्या तरुणपणाचा भाग १९९७चे ओबडधोबड इंग्रजी होते, त्यांच्या दृष्टीने हे ‘क्लासिक’ अपुरे आहे. सर्वांत मोठी नाराजी मात्र ‘वॉर ऑफ द लायन्स’मधली भर वगळल्याची आहे. नवे व्यवसाय, जादा पात्रे, जादा प्रसंग यांतले काहीच नव्या आवृत्तीत नाही. मूळ १९९७ची रचना पाया मानली, ही निर्मात्यांची भूमिका. ती समजण्यासारखी आहे, कारण ती भर कथेच्या ओघाशी नेहमीच एकजीव नव्हती. पण पीएसपीचे उत्पादन थांबून दशक उलटले आहे, आणि दुसरा पाठ फोन सोडून इतर नव्या यंत्रांवर मिळू नये ही खरी हानी आहे. दोन आवृत्त्या शेजारी ठेवता आल्या, तर तिसरीही ठेवायला हवी होती.

इतर रिमास्टरांचा अनुभव पाहिला तर ही मागणी अवाजवी ठरत नाही. ‘क्रोनो ट्रिगर’ २०१८ साली संगणकावर आला तेव्हा चित्रे धूसर आणि मांडणी मोबाइलच्या पडद्याची होती. टीकेनंतर कंपनीने अनेक महिने दुरुस्त्या केल्या आणि जुन्या पद्धतीच्या चित्रांचा पर्याय दिला. ‘फायनल फँटसी’च्या पहिल्या सहा भागांच्या ‘पिक्सेल रिमास्टर’मधली अक्षरे बारीक आणि विजोड असल्याची तक्रार झाली. २०२३च्या कन्सोल आवृत्तीत अक्षरे निवडण्याची आणि मूळ संगीत ऐकण्याची सोय आली. दोन्ही वेळा खेळाडूंना नवेपणाचा राग नव्हता. जुन्याकडे परतण्याची वाट बंद झाल्याचा होता, आणि ती उघडताच बराचसा निवळला.

अमरावती-अकोल्याकडचा खेळाडू हा गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून रुपयांत विकत घेऊ शकतो. त्यात इंग्रजी, जपानी, फ्रेंच आणि जर्मन या भाषा आहेत, भारतीय भाषा नाही. जुन्या वळणाचे इंग्रजी मराठी माध्यमात शिकलेल्याला सुरुवातीला जड जाते. ‘एन्हान्स्ड’मध्ये संवाद ऐकता ऐकता वाचता येतात, आणि कोणता सरदार कोणाच्या बाजूला आहे हे नकाशावर दाखवणारी नोंदही आहे, म्हणून प्रथमच खेळणाऱ्याने तिथून सुरुवात करावी. काठिण्य मधल्या स्तरावर ठेवावे आणि रिओव्हानेसला पोचण्यापूर्वी रामझाला एकट्याने लढता येईल असे तयार करावे. पहिला अध्याय संपला की ‘क्लासिक’ उघडून तोच अध्याय जुन्या रूपात खेळून पाहावा, आणि कोणता पाठ आपला हे स्वतः ठरवावे.